दुधात बुडवलेले हात

आत्याबाईंना जाऊन आता दोन महिने होतील. त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. रोज सकाळी अर्धं पान लिहायचं असं मी ठरवलं आहे. पुष्कळदा दोन ओळीच होतात. घाई नाही. भेटायला येणारी माणसं त्यांच्याबद्दल बोलतात, त्यात त्यांचा फटकळपणा येतो, हातची भाकरी येते, तंबाखू तर येतेच. टमाट्यांची गोष्ट कुणी काढत नाही, कारण ती सगळी ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. म्हणून ती आधी लिहिते.

माझं लग्न झालं तेव्हा पन्नासचं दशक नुकतंच लागलं होतं. वडील आळंदीला शाळामास्तर होते आणि मी सातवीची फायनल पास झाले होते. सासर काळेवाडीचं, पवनेच्या काठाला. घरं थोडी, मळे जास्त. यजमान खडकीला कारखान्यात नोकरीला. ते सकाळी सायकल काढत आणि दिवस मावळता परत येत, त्यामुळे भाजीचा मळा आत्याबाईंचा आणि माझा. माहेरून मी पुस्तकांनी भरलेली एक लोखंडी पेटी आणली होती. आत्याबाईंनी ती उघडून पाहिली.

"ही समदी वाचून झाली न्हवं?"

"हो."

"मंग परत कशाला आनली?"

मी पेटी मिटून कोपऱ्यात सरकवली.

नदीपलीकडे पिंपरीला सिंधी मंडळींचा कॅम्प वसला होता. त्या घरांतून टमाट्याला भारी मागणी. आमच्याकडे टमाटं कधीतरी आमटीत पडायचं. त्या बायका पाट्याच्या पाट्या उचलत. त्यामुळे वाडीतल्या सगळ्या मळ्यांत दसऱ्यानंतर टमाट्याची लागवड होऊ लागली. आणि लागवडीला एक रीत होती. पहिली ओळ ज्या बाईचा हात गुणाचा तिच्याकडून लावून घ्यायची. वाडीत तो हात आत्याबाईंचा होता.

त्या विधवा होत्या, तिशीच्या आतच झालेल्या. संक्रांतीचं वाण असो, बारशाची ओटी असो, त्यांना कुणी पुढे घेत नसे. लग्नघरी त्या मागच्या दारी भाजी चिरायला बसत. पण लागवडीच्या दिवशी घरची सवाष्ण स्वतः बोलवायला येई, "आक्का, चला, हात लावा," आणि आत्याबाई ताठ मानेनं सगळ्यांच्या पुढे बांधावरून चालत. वर्षातले हे चार-सहा दिवसच त्यांचे होते. मी आल्यानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला हे पाहिलं आणि त्यांच्याविषयीचं माझं मत तिथेच ठरलं.

त्याच वर्षी रोग आला.

रोपं हातभर झाली आणि पानांवर फिकट-गडद चट्टे दिसू लागले. पुढे नवी पानं बारीक, दोरीसारखी निघाली. शेंडे आखडले. फळ धरलं ते लहान, आतून तपकिरी. भेंडीवर पान पिवळं करणारा रोग आम्हांला माहीत होता, त्याला केवडा म्हणत. हाही केवडाच म्हणून सगळे बोलू लागले. ते दोन रोग वेगळे, हे मला फार नंतर समजलं.

आत्याबाईंचा पहिला इलाज खायला घालण्याचा. माणूस आजारी पडलं की पेज देतात, तसं रोपाला. त्यांनी प्रत्येक बुंध्याशी करंजाची पेंड घातली, चुलीतली राख चाळून टाकली. मी शिकलेली, म्हणून मी पुढचं सुचवलं. कारखान्यातलं पांढरं खत तेव्हा नवीन आलं होतं. मी म्हटलं, तेही घालू. रोपं हिरवीगार होऊन फोफावली. आठ दिवस आम्ही खूश होतो. मग त्या कोवळ्या पाल्यावर मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, चिकटला आणि चट्टे होते तिथेच राहिले. तेव्हा एक गोष्ट कळली, ती मी आज खात्रीनं सांगते: हा रोग एकदा अंगात शिरला की खतानं जात नाही. कुजलेलं शेणखत आणि राख यांनी रोप तग धरतं, चार फळं जास्त देतं. पांढऱ्या खताचा मारा केला तर मात्र आपण किडीलाच जेवायला वाढतो.

माव्यासाठी मी दुसरा उपाय केला. तंबाखूच्या पाण्यानं मावा मरतो हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते पाणी उकळायचं असतं. पण तेव्हा अवेळी पडलेल्या पावसानं सरपण ओलं होतं, आणि मला वाटलं, भिजलं म्हणजे अर्क उतरला. मी आत्याबाईंच्या पिशवीतली पानं घागरीत भिजत घातली आणि दुसऱ्या दिवशी केरसुणीनं सगळ्या वाफ्यांवर ते पाणी शिंपडलं. मावा मेला. मी समाधानानं विहिरीवर हात धुतले.

विहिरीजवळच्या तीन ओळी तोपर्यंत चांगल्या होत्या. त्या मी एकटीनं लावल्या होत्या, लागवडीच्या शेवटच्या दिवशी आत्याबाई तापानं पडल्या होत्या म्हणून. पाणी मारल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत त्या ओळींवरही चट्टे आले. मी हे वहीत लिहून ठेवलं. का लिहिलं, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. लिहायची सवय होती इतकंच.

वाडीत चार मळे गेले. चारही मळ्यांत पहिली ओळ आत्याबाईंनी लावली होती, आणि चारही ठिकाणी रोग त्या ओळीपासून आत सरकला होता. हे सगळ्यांत आधी पाहिलं ते आमच्या चुलत सासूबाईंनी. त्या आत्याबाईंच्या धाकट्या चुलत जाऊ. बाई तोंडाळ, पण नजर घारीची. त्यांचा मळा आमच्या बांधाला लागून. मला त्या मास्तरीणबाई म्हणायच्या.

उन्हाळ्यात एकदा नदीवर धुणं धुताना त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं शेजारणीला म्हणाल्या, "आवंदा पहिली ओळ आमच्या सुनंच्या हातची लावायची बाई. कुंकवाचा हात बरा. इतकी वर्सं आमचंच चुकलं."

"आक्काला काय वाटंल?" शेजारीण म्हणाली.

"वाटू दे की. टमाट्याला काय वाटलं ते बघितलंस न्हवं?"

शेजारीण हसली. मी खाली मान घालून लुगडं आपटत राहिले.

हे आत्याबाईंच्या कानावर जायला दिवस लागला नाही. त्या जोत्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत राहिल्या, चुना लावून, अंगठ्यानं, नेहमीपेक्षा बराच वेळ. मग म्हणाल्या, "व्हय गं, माझ्या हातालाच काय झालंय का?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या खरंच विचारत होत्या. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांवर चुन्याचा पांढुरका थर, बोटांच्या पेरांत तंबाखूची पूड. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी म्हटलं, "नाही हो आत्याबाई." ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले.

श्रावणात शेतकी खात्याचे एक साहेब कंपोस्टचे खड्डे बघायला वाडीत आले. तरुण होते, धोतराऐवजी विजार घालणारे, बोलायला साधे. आमचा खड्डा पाहून निघाले तेव्हा मी वही घेऊन आडवी गेले. परक्या पुरुषाशी आपणहून बोलायची ती माझी पहिलीच वेळ. मी रोगाचं वर्णन वाचून दाखवलं. ते सायकलला टेकून ऐकत होते.

"हा व्हायरस," ते म्हणाले. "एक प्रकारचं विषच समजा. इतकं सूक्ष्म की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. औषध नाही त्याला. तुमच्याकडे तंबाखू कोण खातं?"

मला वाटलं, ते स्वतःसाठी मागताहेत. मी आत्याबाईंची पिशवी आणायला वळले, तर ते हसले. "मला नको. विचारतो अशासाठी, की हा रोग मूळचा तंबाखूचा. सगळ्याच पानांत नसतो, पण रोगट पान सुकलं, वर्ष झालं, तरी आत जिवंत राहतो. तंबाखू मळलेल्या हातानं टमाट्याचं रोप धरलं की लागला."

मी वही मिटली. तीन ओळी, घागर, केरसुणी, चार मळ्यांतली पहिली ओळ, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. चुलत सासूबाईंचं बघणं बरोबर होतं. अर्थ तेवढा चुकला होता. रोग आत्याबाईंच्या हातूनच पसरला होता, पण त्यांच्या कपाळाशी त्याचा काही संबंध नव्हता.

साहेबांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. साय काढलेल्या दुधात हात बुडवून लागवड केली तर दूध त्या विषाला आवर घालतं. आणि तंबाखूचं पाणी वापरायचं तर चांगलं उकळून. त्यापेक्षा निंबोळ्या कुटून त्यांचा अर्क मारावा, माव्याला तोही चालतो.

आत्याबाईंना हे सांगायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी भाकरी थापता थापता, त्यांच्याकडे न बघता, मी सांगून टाकलं.

"म्हंजी शेवटी माझ्या तंबाखूवर आली व्हय!" त्या कडाडल्या. "त्या साहेबाला काय कामधंदा हाय का न्हाई? खड्डं बघाया आलाता, खड्डं बघून जायाचं."

"तंबाखू सोडा असं नाही म्हणत मी. लागवडीपुरते हात दुधात—"

"दुधात! राजाची रानी व्हय मी? घरात च्याला दूध न्हाई, आन हात धुवाया दूध!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर होते, तिथे त्या आल्या. म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हनून मी मानायची न्हाई. साहेबानं सांगितलं म्हनूनबी न्हाई. रोपाला इचारू."

कसं विचारायचं ते त्यांनीच ठरवलं. वाफ्यात त्यांनी हंगामाआधीची थोडी रोपं तयार केली होती. विहिरीपासून लांब, नव्या जागी त्यांनी दोन ओळी आखल्या, मध्ये चार पावलांचं अंतर ठेवून. खत सारखं, राख सारखी. माझे हात साबणानं घासून घ्यायला लावले आणि रोपं उपटायचं काम मला दिलं. मी ती मुळाशी माती ठेवून खुरप्यावर उचलायची आणि एरंडाच्या पानावर मांडायची. पहिली ओळ त्यांनी सकाळी लावायची, उठल्यापासून तंबाखूला न शिवता, हात दुधात बुडवून. दुसरी ओळ रोजच्या हातानं.

त्या सकाळचं मी काय वर्णन करू! उठल्यापासून त्या घुश्शात. शेळीचं दूध वाडग्यात, साय मी काढून घेतलेली. त्या प्रत्येक रोपाला हात बुडवायच्या आणि बुडवताना एकदा माझ्याकडे, एकदा आभाळाकडे बघायच्या.

"किती ऱ्हायली?"

"बारा."

"मघाशीबी बाराच म्हनलीस."

"मघाशी पंधरा म्हटलं."

"शिकलेल्या मानसाला मोजायाबी येत न्हाई नीट."

शेवटचं रोप लावून त्या जवळजवळ पळतच बांधावर गेल्या, पिशवी सोडली, तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि डोळे मिटून बसल्या. मग उठून दुसरी ओळ लावली. ती लावताना गुणगुणत होत्या.

तीन आठवडे त्या रोज त्या दोन ओळींकडे गेल्या. मी बरोबर जायची, पण काही बोलायची नाही, कारण मला निकाल आधीच माहीत होता आणि तो तोंडावर दिसू द्यायचा नव्हता. घटस्थापनेच्या सुमाराला गुणगुणत लावलेल्या ओळीत चट्टे उमटले. आधी एका रोपावर, आठ दिवसांत निम्म्याहून अधिक रोपांवर. दुधाची ओळ स्वच्छ होती. आज त्या प्रयोगात मला खोट दिसते: पहिल्या ओळीत दूधही होतं आणि तंबाखूही नव्हती, मग गुण नेमका कशाचा? पण आम्हांला परीक्षा द्यायची नव्हती. टमाटे वाचवायचे होते.

आत्याबाईंनी एक आजारी पान तोडायला हात पुढे केला, मग थांबल्या आणि न तोडता मागे घेतला.

"आता हे वाडीत सांगाया पायजे," त्या म्हणाल्या.

मी घाबरले. मी म्हटलं, "आत्याबाई, आपण आपल्यापुरतं सांभाळू. आपले टमाटे चांगले आले की लोक आपोआप बोलवायला येतील. तुमच्यामुळे रोग पसरला असं तुम्हीच सांगितलंत, तर लोक अर्धंच ऐकतील. तुमचा हात वाईट, एवढंच धरून बसतील."

"बसू देत. पर तुझ्या चुलत सासूची सून तंबाखू खाती, म्हाईत हाय का तुला? लपून खाती. तिच्या हातची पहिली ओळ लागली की पुन्यांदा मळा जायाचा. आन दोस कुनाला? त्या पोरीला. आता माझ्या वाट्याला आलं, ते मग तिच्या वाट्याला."

दसरा झाला आणि चौथ्या दिवशी शेजारच्या मळ्यात लागवड निघाली. आम्हांला बोलावणं नव्हतं. आत्याबाईंनी दुधाचं वाडगं पदराखाली घेतलं आणि मला म्हणाल्या, "चल." आम्ही बांध ओलांडून गेलो. तिथे सात-आठ बायका होत्या. रोपांच्या पेंढ्या पाण्यात भिजवून ठेवल्या होत्या. चुलत सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"आक्का, बोलावलं न्हाई म्हनून रागानं आलाय व्हय?"

"रागानं आली असती तर मोकळ्या हातानं आली असती," आत्याबाई म्हणाल्या. "गेल्या साली तुझा मळा माझ्या हातानं गेला. तेवढं सांगाया आली. हिचा, तिचा, समद्यांचा माझ्याच हातानं गेला."

मग आत्याबाईंनी दोन ओळींची हकिगत सांगितली, तंबाखूची, दुधाची. माझं नाव, माझी घागर, माझी केरसुणी त्यात कुठेच आली नाही. त्यांना ते सगळं माहीत होतं. मीच वहीतून वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते मुद्दाम वगळलं.

मी आयुष्यात फार थोड्या वेळा चारचौघांत बोलले आहे. तेव्हा बोलले. "तंबाखूचं कच्चं पाणी मी मारलं होतं. आमचा निम्मा मळा माझ्या हातानं गेला. आणि माझ्या कपाळावर कुंकू होतं."

"अगं बया," एक बाई म्हणाली, "ही बोलती व्हय?"

त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी म्हणाली, "म्हंजी आमी मिसरीवाल्या तरी सुटलो म्हना. मिसरी भाजलेली असती."

"भाजायच्या आधी हातात कच्चीच असते," मी म्हटलं.

"घ्या! मास्तरीणबाईंनी तीबी वाट बंद केली."

चुलत सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आत्याबाईंकडे बघत होत्या, मग त्यांची नजर सुनेकडे गेली. सून रोपांच्या पेंढीमागे उभी होती आणि दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळले होते. बराच वेळ त्या तिच्या पदराकडे बघत राहिल्या. ती घारीची नजर काय काय टिपते, हे मी जाणून होते. शेवटी त्या सुनेला म्हणाल्या, "उभी काय ऱ्हायलीस? घरातनं मोठं भगुनं आन दुधाचं. साय काढ आधी. एवढ्या वाडग्यात कितीजनींचं हात मावायचं?"

सून धावतच गेली. तेवढ्या वेळात सगळ्याजणी विहिरीवर जाऊन राखेनं हात घासून आल्या. भगुनं आलं. बायका गोलाकार बसल्या आणि पाळीपाळीनं हात बुडवू लागल्या. कुणी म्हणालं, आपलंच हळदीकुंकू चाललंय जणू. त्यावर चुलत सासूबाई म्हणाल्या, "मंग आक्का, तुमी पुढं व्हा. पहिली ओळ रिकामी हाय."

आत्याबाईंनी दोन्ही हात मनगटापर्यंत दुधात घातले, निथळू दिले आणि वाकल्या.

त्या मळ्यात त्या वर्षी काही रोपं आजारी निघालीच. ती आम्ही लहान असतानाच उपटून जाळली, आणि उपटणाऱ्या बाईनं पुन्हा हात धुतल्याशिवाय निरोगी रोपाला शिवायचं नाही असा नेम केला. उरलेला मळा उभा राहिला. माव्यावर निंबोळीचा अर्क मारला, खताला शेणखत आणि राख. भेंडीवरचा केवडा मात्र आम्हांला कधीच आवरता आला नाही. तो पांढऱ्या माशीबरोबर येतो, हाताशी त्याचं काही नातं नाही. मी सांगते ते टमाट्यापुरतं, आणि तेवढं पक्कं सांगते.

आत्याबाईंनी तंबाखू सोडली नाही. लागवडीच्या दिवसांत मात्र दुपार होईस्तोवर त्या पिशवीला शिवत नसत, आणि तोवर त्यांच्या समोर जायची कुणाची हिंमत होत नसे. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच पाच घरांतून बोलावणं आलं. त्यांतलं एक घर तर असं होतं, जिथं पूर्वी त्यांना कधीच कुणी हात लावायला नेलं नव्हतं. आत्याबाईंनी पाचही जणींना सांगितलं, "येती. दूध तुमचं, सकाळी लवकर, आन माझ्याशी कुनी बोलायचं न्हाई."